न दिलेली ओ

गुरुवारचा बाजार हा एउदोसियाचा हक्काचा दिवस. भट्टीत निलगिरीची लाकडं सारायची, पीठ मळायचं, वरून बडीशेप भुरभुरायची, आणि ऊन चढायच्या आत टोपली घेऊन चावडीसमोर बसायचं. चाकापाम्पा गाव तितिकाका सरोवरापासून बरंच वर, वाऱ्याच्या अगदी तोंडावर. तिथे गरम पावाला नाही कोण म्हणणार? तिची टोपली दुपारच्या आत रिकामी व्हायची. पण यंदा पेरण्या आटोपत आल्या तरी पाव उरत होते.

"मीठ महाग झालं का गं एउदोसिया?" शेजारच्या तोमासाने तुकडा तोंडात घोळवत विचारलं. "का या वयात कुणात जीव गुंतला, म्हणून पिठाकडे लक्ष नाही?"

बाजारातल्या बाया खिदळल्या. एउदोसियाही हसली, म्हणजे तिचे ओठ तेवढे हलले. मीठ तिने नेहमीसारखं मूठभर घातलं होतं, चाखूनही पाहिलं होतं. पण अलीकडे तिलाच कशाची चव लागत नव्हती. मिठाची नाही, बटाट्याच्या रश्श्याची नाही, कोकाची पानं घातलेल्या चहाचीही नाही. परवा भट्टीतला निखारा पायावर पडला, तो कातडी जळाल्याच्या वासावरून तिला कळला.

आजारातून उठलेल्या माणसाला देव जग नव्याने दाखवतो. साधं पाणीसुद्धा गोड लागतं. हिचं मात्र उलटं झालं होतं, आणि का ते तिला ठाऊक होतं.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी तिच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. नवरा कधीच गेलेला, मुलगी कासिल्दा लिमाला शिवणाच्या कारखान्यात. तोमासाच्या नवऱ्याने तिला बटाट्याच्या ट्रकमध्ये पोत्यांवर निजवून सरोवराकाठच्या सांता रोसालियाच्या दवाखान्यात पोचवलं. दवाखाना जुनाच होता. पत्र्याचं छप्पर, निळी दारं, चौकात एक वाकडं निलगिरीचं झाड. बायकांचा वॉर्ड लांबलचक, आणि त्याच्या छताचा चुना इतका सुटलेला, की सकाळी उठल्यावर उशीवर पांढरी पूड सांडलेली असे. तिला खिडकीजवळची खाट मिळाली. पडल्या पडल्या सरोवर दिसायचं.

त्या खाटेवर तिला जे मिळालं, ते उभ्या आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

डॉक्टर आरियारान उंच, किडकिडीत, एक खांदा उतरलेला माणूस. गळ्यात सदा गुळाच्या रंगाचा लोकरी मफलर. वॉर्डात शिरण्याआधी दाराशी थांबून हलकं खोकायचे. डोळा लागला असेल तर दचकू नये, उघडं अंग असेल तर सावरून घ्यावं, म्हणून. खाटेशी आले की छातीला लावायची नळी आधी मुठीत धरायचे, फुंकर घालून घालून गरम करायचे, आणि मग पाठीला लावायचे. "घ्या श्वास, माय. धरून ठेवा. सोडा आता." बोलता बोलता विचारायचे, "तुमच्या भट्टीला आज काय स्वप्न पडलं?" एउदोसिया रात्री पडल्या पडल्या सकाळसाठी भट्टीची स्वप्नं रचून ठेवायची.

एर्मेलिंडा सिस्टर रोज तिचे केस विंचरून वेण्या घालायची. स्वयंपाकघरातली बाई रश्श्याचा वाडगा हातात देऊन जायची नाही, पिऊन होईपर्यंत काठावर बसून राहायची. तिन्हीसांजेला वॉर्डबॉय बेनितो कोपऱ्यात स्टूल घेऊन बसायचा आणि देवाच्या दयेचं निरूपण मांडायचा. दोन वाक्यं सांगायचा, एक गायचा, आणि टेक आली की हात वर करायचा, मग खाटाखाटांवरून बायांचे बारीक आवाज उठायचे. "कोण राहिलं गे मागे, हाक मार रे देवा." एउदोसियाला खोकल्याने गाता यायचं नाही, पण तिच्या डोळ्यांना धार लागायची.

एकदा एर्मेलिंडा सुट्टीवर होती. एउदोसियाचे हात वर उचलत नव्हते, केसांचा नुसता गुंता झाला होता. डॉक्टर तपासून झाल्यावर तिथेच टेकले, फणी घेतली आणि तिची वेणी घातली. एकच, वाकडी, ओढून घट्ट बांधलेली, टोकाला बँडेजच्या पट्टीची गाठ.

"डॉक्टरसाहेब, ही वेणी की दोरखंड?" पलीकडची म्हातारी ओरडली. सगळा वॉर्ड हसला.

"दोरखंडच आहे," ते म्हणाले. "माय पळून जाऊ नये म्हणून."

आता त्या डोंगरात एक गोष्ट लहान पोरालाही ठाऊक असते. माणूस पडला, भ्यायला, मरता मरता वाचला, की देह उठून चालू लागतो, पण जीव तिथेच राहतो, जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा. म्हणून निघताना घरच्या कुणीतरी आजाऱ्याच्या अंगातला कपडा खाटेवर झटकायचा आणि नाव घेऊन आळवायचं, "हाम्पुय, परत ये, चल घरी." आजाऱ्याने ओ द्यायची. कपडा हाताला जड लागला, की जीव आला म्हणायचं. दुसऱ्या दवाखान्यांत असलं काही केलं तर हाकलून देतात. इथे मात्र डॉक्टर स्वतः बाजूला सरून जागा करून द्यायचे, आणि ज्यांचं कुणी आलेलं नसे त्यांच्यासाठी स्वतः हाक मारायचे.

एउदोसियाचं कुणी आलेलं नव्हतं. बाहेर ट्रक भोंगा वाजवत होता. डॉक्टरांनी तिची लाल शाल खाटेवर झटकली. "एउदोसिया, हाम्पुय. इथे राहू नकोस. चल घरी."

घरी. बंद दार, गार चूल, कोपऱ्यात किचकिचणारे गिनीपिग. तिने खिडकीकडे पाहिलं. सरोवरावर ऊन पडलं होतं. तिचे ओठ हलले, आवाज मात्र निघाला नाही. तिने काढलाच नाही.

"दिलीत ना ओ, माय?"

"दिली की."

ते तिच्याकडे जरा वेळ पाहत राहिले. मग गळ्यातला मफलर काढून त्यांनी तिच्या गळ्याला गुंडाळला. "वर गारा पडताहेत म्हणे. पुढच्या खेपेला आणून द्या."

ती पुढची खेप झालीच नाही. मफलर मात्र तिच्या गळ्यातून उतरला नाही, झोपतानाही नाही.

पहिल्यांदा ते झालं तेव्हा ती पीठ मळत होती. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, नाण्याएवढी जागा एकदम उबदार झाली. ती थबकली. न सांगता तिने श्वास घेतला, धरला, सोडला. ऊब जरा खाली सरकली. तिने पुन्हा श्वास घेतला.

"कुणाला श्वास दाखवतेस गं?" दारातून तोमासा म्हणाली.

"कुणाला नाही. उसण भरलीय."

त्यानंतर ते रोज होऊ लागलं. राउंडच्या वेळेला. मग एका सकाळी उठून तिने केसांना हात लावला तर वेणी घातलेली होती. एकच, वाकडी, घट्ट. टोकाला बँडेजच्या पट्टीची गाठ होती.

एउदोसिया घाबरली नाही, हे सांगायला हवं. तिने ती गाठ गालाला लावली आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. तिथे, त्या खिडकीजवळच्या खाटेवर, तिची कुणीतरी काळजी घेत होतं. चव गेली तर गेली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, तिथला जून-ऑगस्टचा हिवाळाभर आणि पुढेही, रोज सकाळी तिचे केस विंचरलेले असायचे.

नोव्हेंबरात सर्व संतांच्या सणाला कासिल्दा लिमाहून आली, सोबत पाच वर्षांची लुस्मिला. सणाला घरोघर मेलेल्यांसाठी पाव लागतात, बाळांच्या आकाराचे, घोड्यांच्या आकाराचे. भट्टी दिवसभर पेटलेली. कासिल्दाने बाह्या सरसावल्या आणि आईशेजारी पीठ मळायला बसली.

"आई, मी हिला तुझ्याजवळ ठेवायला आणलीय," तिने मान वर न करता सांगितलं. "तिथे खोलीला कुलूप घालून हिला आत ठेवते नि कामाला जाते. किती दिवस करू असं?"

"ठेव की. मला कोण आहे दुसरं?"

पण पोरगी जवळ येईना. मांडीवर बसवली की सटकायची. वर चढून आल्याने तिला खोकला झाला होता, म्हणून गावच्या आरोग्य केंद्रात नेली, तर नर्सबाईने गारगार नळी पाठीला टेकवताच तिने किंकाळी फोडली आणि बाईच्या हाताला चावली. कासिल्दाला वाटलं, हट्टी आहे, रुळेल.

मग एका सकाळी अंगणातून तोमासाची हाक आली, "लुस्मिला, आजी आहे का गं घरात?"

एउदोसिया चुलीपुढेच बसली होती. लुस्मिला तिच्या अगदी समोर. पोरीने आजीकडे नीट निरखून पाहिलं. डोळ्यांत पाहिलं, हातांकडे पाहिलं.

"नाही," ती ओरडली. "आजी घरी नाहीये."

कासिल्दाच्या हातातलं पीठ खाली पडलं. उठून तिने आईचा हात हातात घेतला, पायावरचा निखाऱ्याचा डाग पाहिला, पाव मोडून चाखला आणि बाहेर थुंकला.

"दवाखान्यातून निघताना तुला हाक कुणी मारली होती?"

"डॉक्टरसाहेबांनी."

"आणि तू ओ दिलीस?"

एउदोसियाने चुलीत काटकी सारली.

"अगं आई!" कासिल्दाचा आवाज फाटला. "मी पोरगी कुणाजवळ ठेवू मग? या शालीजवळ? या खुर्चीजवळ?" ती रडली, मग तोंड धुऊन आली. "उद्या जाऊ. मी हाक मारते. रक्ताच्या माणसाची हाक आहे, येणार कशी नाहीस."

निघताना एउदोसियाने टोपलीत एक पावाचा घोडा ठेवला, लगाम, खोगीर सगळं कोरलेला. डॉक्टरांना द्यायचा म्हणून. बसमध्ये तिचा चेहरा लग्नघरी निघाल्यासारखा दिसत होता, आणि कासिल्दाला ते आवडलं नाही.

दवाखान्याच्या फाटकाला साखळी होती. खालच्या रस्त्यावर नवी इमारत झालेली, सगळं तिकडे हललेलं. वाकड्या निलगिरीखाली बेनितो ऊन खात बसला होता, कमरेला किल्ल्या. त्याने तिला ओळखलं. टोपलीतला घोडा पाहिला आणि हॅट काढून छातीशी धरली.

"बरं केलंत, मावशी, त्यांच्यासाठी पाव आणलात. यंदा पहिलंच वर्ष त्यांचं."

एउदोसियाला काही वेळ ते वाक्य कळलंच नाही. ती घोड्याकडे पाहत राहिली.

"कधी?" तिने विचारलं.

"हिवाळ्यात. आमच्याच वॉर्डात पडून होते, तुमच्या त्या खिडकीजवळच्या खाटेवर. पुरुषांकडे जागा नव्हती, बायकांनीच आग्रह केला, इथे आणा म्हणून. मग त्यांना शहरात न्यायची घाई झाली. ताप मेंदूत चढलेला. जीपमध्ये घातलं न् सुटलो. वाटेतच गेले." बेनितो हॅटची कड फिरवत राहिला. "आयुष्यभर इतक्यांना हाक मारली त्या माणसाने. त्यांना मारायचं आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही. डॉक्टरला कसली हाक, असंच वाटतं ना माणसाला."

"हिवाळ्यात," एउदोसिया पुटपुटली. तिचा हात वेणीच्या गाठीवर गेला. पट्टी आजचीच होती, पांढरीशुभ्र.

बेनितोने वॉर्ड उघडून दिला. भर दुपार होती. काचांतून आलेलं ऊन रिकाम्या लोखंडी खाटांवर पडलं होतं. गाद्या गेलेल्या, छताचा चुना जमिनीवर बर्फासारखा पसरलेला. वास मात्र तोच होता, स्पिरिटचा आणि उकळलेल्या बडीशेपेचा.

खिडकीजवळच्या खाटेवर तेवढी गादी होती.

"ही उचलायची राहिली वाटतं," बेनितो म्हणाला, आणि दाराबाहेरच थांबला.

लुस्मिला आईचा घागरा धरून होती. कासिल्दा आईकडे वळली. लाल शाल बसमध्ये पोरीचं दूध सांडून भिजली होती, ती टोपलीत होती. तिने एउदोसियाच्या गळ्यातला मफलर ओढून काढला.

"हाच बरा. तू झोपतानाही काढत नाहीस. तुझा घाम यातच मुरलाय."

एउदोसियाने तोंड उघडलं.

हा माझा नाही, एवढंच म्हणायचं होतं. हाक एकीची आणि कपडा दुसऱ्याचा असेल, तर येतो तो कपड्याचा धनी, हे तिथे कुणालाही कळतं. तीन शब्द पुरले असते. बाजूला लुस्मिला उभी होती, नाक ओलं, हातात पावाचा घोडा.

मग तिने खाटेकडे पाहिलं. गादीत मधोमध खळगा होता, आणि काठावर आणखी एक, कुणीतरी टेकून बसल्यासारखा.

तिने तोंड मिटलं.

कासिल्दाने मफलर खाटेवर झटकला. चुन्याची धूळ उडाली.

"हाम्पुय. एउदोसिया, परत ये. चल घरी."

काही नाही.

"हाम्पुय. तुझी नात आलीय. इथे राहू नकोस."

खिडकीची काच किंचित थरथरली. सरोवरावर वारा सुटला होता.

"हाम्पुय."

दाराशी कुणीतरी हलकंच खोकलं.

कासिल्दाने वळून पाहिलं. बेनितो केव्हाच चौकात जाऊन निलगिरीखाली बसला होता, पाठ इकडे करून.

"जड झाला," कासिल्दा कुजबुजली. तिचे हात खाली ओढले गेले होते, ओल्या लोकरीला ओढले जातात तसे. "आई, जड झाला! आलीस गं तू!" रडत रडत तिने मफलर आईच्या गळ्याभोवती गुंडाळला आणि तिचं तोंड कुरवाळलं.

मफलर उबदार होता. ती खूप वेळाने हसली, आणि या वेळी नुसते ओठ हलले नाहीत.

पावाचा घोडा लुस्मिलाने बसमध्येच खायला घेतला, अर्धा तोडून बाजूच्या रिकाम्या जागेवर ठेवला. त्या संध्याकाळपासून पोरगी बदलली. घरात गुणगुणत हिंडू लागली, कोपऱ्यात बसून कुणाशीतरी बोलू लागली, आजीच्या आसपास घुटमळू लागली. कासिल्दाने दोन दिवस ते पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. सण सरल्यावर तिने लिमाची बस धरली. बस वळणाआड जाईपर्यंत लुस्मिला हात हलवत राहिली, रडली नाही.

दुसऱ्या सकाळी एउदोसियाने चुलीवर रस्सा ठेवला, चमच्याने चाखला. चव लागली नाही. तिने आणखी मीठ घातलं, पुन्हा चाखलं, आणि चमचा तसाच हातात धरून उभी राहिली. राउंडची वेळ झाली होती. तिने पाठ ताठ केली, वाट पाहिली. पाठीला आजही काही लागलं नाही.

पोरगी खोकत होती. निलगिरीचं तेल चोळावं म्हणून तिने तिला जवळ ओढून अंगातला झगा वर केला. दोन खांद्यांच्या मधोमध नाण्याएवढी जागा लालसर झाली होती. तिने हात ठेवला. बोटांना काहीच कळेना, म्हणून गाल टेकवून पाहिला.

"इथे कोण हात लावतं गं तुला?"

"खोकणारे आजोबा."

"रडली नाहीस?"

"गार नव्हतं ते. आधी मुठीत धरून गरम केलं त्यांनी." लुस्मिला झग्याची बटणं लावू लागली. "आजी, खिडकीजवळच्या बाईचं आता तिथे कोण करतं?"

"कोण म्हणालं असं?"

"आजोबा विचारतात. सारखं विचारतात."

एउदोसियाचा हात हळूच डोक्याकडे गेला. वेणी नव्हती. केस मोकळे, गुंतलेले, बंद खोलीतल्या सामानासारखे गार. तिने हात खाली घेतला.

बोटांना चुना लागला होता.